मृत्युपत्रांतून उलगडलेलं वॉशिंग्टन घराणं

१७९१ सालच्या अखेरीस अमेरिकेचे पहिले राष्ट्राध्यक्ष जॉर्ज वॉशिंग्टन यांना लंडनहून एक पत्र आलं. पत्र लिहिणारे सर आयझॅक हर्ड हे इंग्लंडमध्ये घराण्यांच्या वंशावळी आणि कुलचिन्हं सांभाळणाऱ्या खात्याचे प्रमुख होते. वॉशिंग्टन घराण्याची वंशावळ त्यांना पूर्ण करायची होती. वॉशिंग्टननी १७९२ च्या मे महिन्यात उत्तर दिलं. या विषयाकडे आपण फारसं लक्ष दिलेलं नाही, हे त्यांनी मोकळेपणानं लिहिलं आणि नातलगांकडून जमेल तेवढी माहिती गोळा करून पाठवली. पणजोबा जॉन वॉशिंग्टन आपल्या लॉरेन्स नावाच्या भावासह १६५७ च्या सुमारास व्हर्जिनियात आले आणि ते मूळचे उत्तर इंग्लंडचे, एवढं त्यांना ऐकून माहीत होतं. पणजोबांचे वडील कोण, हे मात्र त्यांना सांगता आलं नाही.

एका देशाच्या संस्थापकाला जे ठाऊक नव्हतं, ते पुढे शंभरेक वर्षांनी कळलं. कोणाच्या आठवणींतून किंवा पराक्रमाच्या बखरीतून ते मिळालं नाही. जमीन कोणाला, तंबाखू कोणाला, पलंग आणि गादी कोणाला, हे ठरवण्यासाठी लिहिलेल्या मृत्युपत्रांतून ते मिळालं. घराण्याचा इतिहास लिहावा असं या कागदांच्या मनातही नव्हतं. आपल्या मागे मिळकतीवरून भांडण होऊ नये, एवढीच लिहिणाऱ्याची काळजी होती. त्या काळजीपोटीच त्यांनी मुलांची, सुनांची, बहिणींची, सावत्र नातलगांची नावं नीट लिहून ठेवली.

सतराव्या शतकातल्या व्हर्जिनियात जन्माची सरकारी नोंद आजच्यासारखी होत नसे. बाप्तिस्मा आणि दफन यांची नोंद चर्चच्या वहीत व्हायची. ती वही वाळवीनं खाल्ली किंवा आगीत गेली की माणसाचा मागमूस उरत नसे. जमिनीचं तसं नव्हतं. प्रत्येक काउंटीचं स्वतःचं न्यायालय होतं. मालक मेला की साक्षीदार तिथं येऊन शपथेवर सांगायचे, ही सही त्याचीच. मग कारकून ते मृत्युपत्र शब्दशः वहीत उतरवून घ्यायचा. खरेदीखतांचंही तेच. त्यामुळे एका मृत्युपत्राला दोन तारखा असतात: एक लिहिल्याची, दुसरी न्यायालयात मंजूर झाल्याची. माणूस या दोन तारखांच्या मधे कधीतरी गेला, हे नक्की. जॉन वॉशिंग्टननी आपलं मृत्युपत्र सप्टेंबर १६७५ मध्ये केलं आणि ते जानेवारी १६७८ मध्ये न्यायालयात आलं. त्यांचा मृत्यू १६७७ सालचा मानतात, त्याला या दोन तारखांचा आधार आहे.

त्यात आणखी एक खाच आहे. इंग्लंड आणि त्याच्या वसाहतींत १७५२ पर्यंत नवं वर्ष २५ मार्चला सुरू व्हायचं. म्हणून जानेवारी, फेब्रुवारी आणि मार्चच्या पहिल्या तीन आठवड्यांतला कागद त्या वेळच्या हिशोबानं आदल्या सालातला असतो. जॉर्ज वॉशिंग्टन यांचा जन्म घरच्या बायबलमध्ये ११ फेब्रुवारी १७३१/३२ असा दुहेरी सालानं नोंदलेला आहे. १७५२ मध्ये पंचांग बदललं, अकरा दिवस गळाले आणि तोच दिवस २२ फेब्रुवारी १७३२ झाला. हे ध्यानात घेतलं नाही, तर बाप मेल्यावर वर्षभरानं त्यानं मृत्युपत्र केलं, असले चमत्कार वंशावळीत शिरतात.

हर्ड यांची वंशावळ मात्र वेगळ्याच जागी फसली. नॉर्दॅम्प्टनशायरमधलं सल्ग्रेव्ह हे वॉशिंग्टन घराण्याचं जुनं ठिकाण. तिथली जमीन लॉरेन्स वॉशिंग्टन नावाच्या गृहस्थानं १५३९ मध्ये राजाकडून विकत घेतली होती. त्याच्या वंशजांत जॉन आणि लॉरेन्स अशी भावांची एक जोडी हर्डना सापडली. व्हर्जिनियात आलेलेही जॉन आणि लॉरेन्सच. हर्डनी दोन्ही जोड्या एकच धरल्या. सत्तर वर्षं ही वंशावळ सर्वमान्य होती. १८६६ मध्ये जोसेफ लेम्युएल चेस्टर या अमेरिकी संशोधकानं दाखवून दिलं, की सल्ग्रेव्हच्या घरातला तो जॉन पुढे ‘सर’ झाला आणि तो लॉरेन्स धर्मोपदेशक होता. व्हर्जिनियाचे जॉन आणि लॉरेन्स यांच्याशी त्यांचं आयुष्य जुळत नाही. नावं जुळली म्हणजे माणसं जुळली असं नव्हे. ज्या घराण्यात पिढ्यान्‌पिढ्या तीच चार नावं ठेवतात, तिथं तर नावावर विसंबणं म्हणजे हमखास चकवा.

हा गुंता सोडवला हेन्री फिट्झगिल्बर्ट वॉटर्स यांनी. मॅसॅच्युसेट्समधल्या सेलमचे हे गृहस्थ लंडनला राहून अमेरिकेत गेलेल्या इंग्रज घराण्यांची जुनी मृत्युपत्रं वाचायचे. कोणत्याही एका नावामागे न धावता हजारो कागद नजरेखालून घालणं, ही त्यांची पद्धत. लंडनच्या उत्तरेला ट्रिंग नावाचं गाव आहे. तिथल्या अँड्र्यू नोलिंग याचं १६५० सालचं मृत्युपत्र त्यांना मिळालं. त्यात त्यानं लॉरेन्स वॉशिंग्टन या आपल्या धर्मपुत्राला वारस केलं होतं. ॲम्फिलिस वॉशिंग्टन हिचं नाव होतं आणि तिच्या जॉन, विल्यम, एलिझाबेथ, मार्गारेट, मार्था या मुलांचीही. ॲम्फिलिसचा उल्लेख ‘डॉटर-इन-लॉ’ असा आहे. आजच्या अर्थानं वाचलं तर ती नोलिंगची सून ठरेल आणि वंशावळ भलत्याच घरात जाईल. त्या काळी सावत्र मुलीलाही तेच म्हणत आणि ॲम्फिलिस ही नोलिंगच्या बायकोची आधीच्या लग्नाची मुलगी होती.

आता या पाच-सहा नावांची यादी हाताशी ठेवून व्हर्जिनियातले कागद वाचावेत. जॉन वॉशिंग्टनच्या १६७५ च्या मृत्युपत्रात एक कलम आहे: बहीण मार्था इंग्लंडहून इकडे येणार आहे, तिला इंग्लंडमधल्या माझ्या पैशांतून दहा पौंड द्यावेत, तिच्या प्रवासाचा आणि इथल्या पहिल्या वर्षाच्या राहण्याचा खर्च तिच्याकडून घेऊ नये, शिवाय चार हजार पौंड वजनाचा तंबाखू द्यावा. ही मार्था खरोखर आली, हेवर्ड नावाच्या गृहस्थाशी तिचं लग्न झालं आणि १६९७ मध्ये तिनंही मृत्युपत्र केलं. त्यात तिनं इंग्लंडमध्ये राहिलेल्या आपल्या दोन बहिणींना वाटा ठेवला. त्यांची नावं एलिझाबेथ आणि मार्गारेट. ट्रिंगच्या एका म्हाताऱ्यानं १६५० मध्ये सांगितलेली नावं, समुद्रापार, सत्तेचाळीस वर्षांनी, एका बाईच्या शेवटच्या इच्छेत पुन्हा उमटली. दोन्ही कागद लिहिणाऱ्यांना याची कल्पनाही नव्हती. वॉटर्सना याहून भक्कम पुरावा कोणता हवा होता? शिवाय ॲम्फिलिस वारल्यावर तिच्या मिळकतीची व्यवस्था न्यायालयानं १६५६ च्या फेब्रुवारीत मोठा मुलगा जॉन याच्याकडे सोपवल्याची नोंद होती आणि त्यानंतर वर्षभरात जॉन व्हर्जिनियात दिसतो.

१८८९ मध्ये वॉटर्सनी निष्कर्ष छापला. ॲम्फिलिसचा नवरा होता एसेक्समधल्या पर्ली गावचा धर्मोपदेशक लॉरेन्स वॉशिंग्टन. यादवी युद्धाच्या काळात, १६४३ मध्ये, पार्लमेंटच्या पक्षानं त्याला नोकरीवरून काढलं होतं. चेस्टरनी ज्या धर्मोपदेशकाला वंशावळीतून वेगळा काढला होता, तोच हा. म्हणजे हर्डना घराणं बरोबर सापडलं होतं, पिढी एकानं चुकली होती. व्हर्जिनियात आलेला जॉन हा त्या लॉरेन्सचा भाऊ नव्हे, मुलगा. आणि ‘उत्तर इंग्लंडचे’ ही घरातली आठवण जॉनच्या बाबतीत चुकीची निघाली. एसेक्स आणि ट्रिंग दोन्ही दक्षिणेकडचे.

जॉन हा बापाची नोकरी गेलेल्या घरातला मुलगा. तो ‘सी हॉर्स ऑफ लंडन’ या जहाजावरून तंबाखूच्या व्यापारासाठी आला. १६५७ मध्ये परतीच्या तयारीत असताना जहाज पोटोमॅक नदीत वाळूत रुतलं. तो तिथंच राहिला आणि पुढल्या वर्षी नॅथॅनिएल पोप या जमीनदाराची मुलगी ॲन हिच्याशी त्यानं लग्न केलं. पोपनी लेक-जावयाला मॅटॉक्स क्रीकजवळची ७०० एकर जमीन दिली आणि ८० पौंड उसने दिले. ते कर्ज त्यांनी आपल्या मृत्युपत्रात माफ करून टाकलं. वॉशिंग्टन घराण्याची अमेरिकेतली पहिली जमीन ही अशी सासऱ्याकडून आलेली आहे.

या जोडप्याच्या पहिल्या मुलाचा, म्हणजे जॉर्ज यांच्या आजोबांचा जन्म कधीचा, हे ठरवणारा कागद तर आणखी अनपेक्षित जागी आहे. ज्या जहाजावरून जॉन आला, त्याच्या मालकाच्या दुसऱ्या एका सफरीत एलिझाबेथ रिचर्डसन नावाच्या स्त्रीला चेटकीण ठरवून जहाजावरच फाशी दिली गेली होती. जॉननं १६५९ मध्ये मेरीलंडच्या गव्हर्नरकडे त्या मालकाविरुद्ध तक्रार केली. सुनावणीचा दिवस ठरला, पण जॉननं कळवलं की तेव्हा येता येणार नाही, कारण माझ्या तान्ह्या मुलाचा बाप्तिस्मा आहे आणि पाहुण्यांना आमंत्रणं गेली आहेत. आरोपी सुटला. एका निरपराध बाईच्या खटल्यात साक्ष द्यायला माणूस गेला नाही, हे वाचून वाईट वाटतं. पण त्याच पत्रामुळे लॉरेन्स वॉशिंग्टनच्या जन्माचं साल, १६५९, आपल्याला मिळालं.

आता एका जमिनीचा माग घेऊ. जॉन वॉशिंग्टन आणि निकोलस स्पेन्सर यांना १६७४ मध्ये पोटोमॅकच्या काठी, लिटल हंटिंग क्रीक आणि डोग क्रीक या दोन ओढ्यांच्या मधली ५,००० एकर जमीन सामाईक मिळाली. डोग हे तिथल्या मूळ रहिवाशांचं नाव. त्यांचं कोणतंही खरेदीखत नाही. ओढ्याच्या नावापुरते ते कागदावर राहिले. जॉननी आपला अर्धा हिस्सा मुलगा लॉरेन्स याला ठेवला. १६९० मध्ये स्पेन्सर कुटुंबाशी वाटणी झाली आणि पूर्वेकडची २,५०० एकर वॉशिंग्टनांकडे आली. लॉरेन्स १६९८ मध्ये गेला, तेव्हा ती जमीन त्यानं आपल्या लहानग्या मुलीला, मिल्ड्रेडला ठेवली. मुलगे जॉन आणि ऑगस्टिन (जॉर्ज यांचे वडील) यांना दुसरीकडच्या जमिनी मिळाल्या.

लॉरेन्सची विधवा (तिचंही नाव मिल्ड्रेड) जॉर्ज गेल या व्यापाऱ्याशी लग्न करून मुलांसह इंग्लंडमधल्या व्हाइटहेवन बंदराला गेली आणि १७०१ मध्ये बाळंतपणानंतर तिथंच वारली. मुलगे ॲपलबीच्या शाळेत होते. मुलांचा आणि त्यांच्या मिळकतीचा ताबा कोणाकडे, यावरून व्हर्जिनियातल्या नातलगानं न्यायालयात दावा लावला आणि मुलं परत आली. तो दावा झाला नसता, तर ऑगस्टिन इंग्लंडमध्येच वाढला असता आणि अमेरिकेचा इतिहास कोणत्या वळणानं गेला असता, कोण जाणे.

१७२६ च्या मे महिन्यात ऑगस्टिननी लिटल हंटिंग क्रीकची जमीन बहीण मिल्ड्रेड आणि मेहुणा रॉजर ग्रेगरी यांच्याकडून १८० पौंडांना विकत घेतली. त्या काळच्या रीतीप्रमाणे अशा विक्रीचे दोन दस्त होत. पहिल्या दिवशीचा दस्त वर्षभराच्या भाडेपट्ट्याचा. मोबदला नाममात्र पाच शिलिंग आणि भाडं म्हणून मागितल्यास मिऱ्याचा एक दाणा. दुसऱ्या दिवशीच्या दस्तानं मालक आपला उरलेला हक्क भाडेकरूलाच सोडून द्यायचा आणि खरी किंमत तिथं लिहिलेली असायची. इंग्लंडच्या कायद्यातून वाट काढण्यासाठी वकिलांनी शोधलेली ही युक्ती. नवख्या वाचकानं फक्त पहिला दस्त पाहिला, तर पाच शिलिंगांत हजारो एकर गेली असं त्याला वाटेल. आणि जमीन बायकोच्या हक्काची असेल, तर न्यायालय तिला नवऱ्यापासून बाजूला घेऊन विचारायचं, तू राजीखुशीनं देतेस ना? या प्रश्नोत्तरांच्या नोंदीमुळे किती तरी स्त्रियांची नावं टिकली आहेत. एरवी त्या कागदोपत्री दिसतच नाहीत.

ऑगस्टिन एप्रिल १७४३ मध्ये गेले. ही जमीन त्यांनी थोरला मुलगा लॉरेन्स याला दिली. लॉरेन्सनं तिचं नाव आपल्या नौदलातल्या सेनापतीच्या नावावरून माउंट व्हर्नन ठेवलं. अकरा वर्षांच्या जॉर्जला रॅपाहॅनॉक नदीकाठची राहती जमीन, फ्रेडरिक्सबर्गमधले तीन भूखंड आणि दहा गुलाम मिळाले. लॉरेन्स जुलै १७५२ मध्ये क्षयानं गेला. त्यानं मिळकत मुलगी सॅरा हिला आणि तिच्या पश्चात, बायको ॲनच्या हयातीनंतर, जॉर्जला ठेवली होती. सॅरा १७५४ मध्ये वारली. ॲननं दुसरं लग्न केलं होतं. जॉर्जनी तिच्याकडून माउंट व्हर्नन वर्षाला १५,००० पौंड तंबाखूच्या भाड्यानं घेतलं आणि १७६१ मध्ये ती गेल्यावर ते मालक झाले. पणजोबांपासून इथवर सत्त्याऐंशी वर्षं, आणि प्रत्येक पायरीला एक कागद आहे.

जॉर्ज यांच्या आईचं, मेरी बॉलचं बालपणही जवळजवळ पूर्णपणे मृत्युपत्रांतूनच दिसतं. तिच्या जन्माची तारीख कुठं नाही. पण वडील जोसेफ बॉल यांनी १७०८ च्या सुरुवातीला, दुसरं लग्न करण्याआधी, पहिल्या बायकोच्या मुलांना मिळकत वाटून देणारे दस्त केले. मेरी ही दुसऱ्या लग्नाची, म्हणून ती त्यानंतरची. १७११ मध्ये वडिलांनी तिला ४०० एकर जमीन ठेवली. १७२१ मध्ये आई गेली आणि मृत्युपत्रानं जॉर्ज एस्क्रिज यांना मुलीवर देखरेख करायला सांगितलं. १७२६ मध्ये सावत्र बहिणीच्या नवऱ्यानं तिला आपला करड्या ठिपक्यांचा तरुण घोडा ठेवला. त्या पोरक्या मुलीला घोड्यावर बसायची आवड होती, हे त्या एका ओळीवरून ओळखता येतं आणि मला तरी ती ओळ कोणत्याही चरित्राहून मोलाची वाटते.

सगळेच कागद असे नशीबवान नव्हते. अमेरिकेतल्या यादवी युद्धात अनेक काउंट्यांनी आपल्या वह्या सुरक्षित राहाव्यात म्हणून राजधानी रिचमंडला पाठवल्या आणि एप्रिल १८६५ मध्ये रिचमंड जळालं, त्यात त्या गेल्या. ग्लॉस्टर काउंटी हे जॉर्ज यांच्या आजीचं माहेर. तिथल्या नोंदी १८२० च्या आगीत आणि उरलेल्या १८६५ च्या आगीत नष्ट झाल्या. जॉर्ज यांची पत्नी मार्था हिचं मृत्युपत्र फेअरफॅक्सच्या न्यायालयातून युद्धात एका अधिकाऱ्यानं नेलं आणि ते पुढे जे. पी. मॉर्गन यांच्या संग्रहात गेलं. ते परत मिळवण्यासाठी व्हर्जिनिया राज्याला सर्वोच्च न्यायालयाचा दरवाजा ठोठावावा लागला. १९१५ मध्ये ते परत आलं.

या सगळ्या दस्तांत जमिनीच्या पाठोपाठ माणसांची नावं येतात, आणि तिथं वाचणाऱ्याचा हात थबकायला हवा. व्हर्जिनियाच्या १७०५ च्या कायद्यानं वारसाहक्कापुरते गुलाम स्थावर मालमत्ता ठरवले. म्हणून ते मृत्युपत्रांत शेत, गिरणी आणि पलंग यांच्या ओळीत बसले. आडनाव नाही, वय बहुधा नाही, वाट्याला आलेलं फक्त एक नाव.

मार्थाचे पहिले पती डॅनियल पार्क कस्टिस १७५७ मध्ये मृत्युपत्र न करता वारले. त्यामुळे कायद्यानं मिळकतीचा एक तृतीयांश हिस्सा हयातीपुरता विधवेकडे आला. त्यात गुलामही होते. त्यांचा उपभोग मार्थाला आणि तिच्याशी लग्न केल्यावर जॉर्जना घेता येत होता, पण मुक्त करण्याचा अधिकार दोघांनाही नव्हता. ते शेवटी कस्टिसच्या वारसांचे. एक माणूस मृत्युपत्र न लिहिता गेला आणि त्यानं बेचाळीस वर्षांनी शेकडो आयुष्यांचं काय होणार ते ठरवलं.

जॉर्जनी ९ जुलै १७९९ रोजी स्वतःच्या हातानं मृत्युपत्र लिहिलं. सोबत माउंट व्हर्ननवरच्या ३१७ गुलामांची यादी होती: कोणत्या शेतावर, काय काम, कोणाचा नवरा, कोणाची बायको, मुलं किती. त्यांपैकी १२३ त्यांचे स्वतःचे, १५३ कस्टिस मिळकतीतले, उरलेले बहुतेक भाड्यानं आणलेले. आपले १२३ मार्थाच्या पश्चात मुक्त करावेत, म्हाताऱ्यांना आणि आजाऱ्यांना पोसावं, अनाथ मुलांना वाचायला शिकवावं, असं त्यांनी लिहिलं. सेवक विल्यम ली याला तत्काळ मुक्तता आणि वर्षाला ३० डॉलर दिले. मार्थानं वाट पाहिली नाही. १ जानेवारी १८०१ रोजी बाकीचे मुक्त झाले.

पण दोन्ही गटांत आपसांत लग्नं झाली होती. आयझॅक हा सुतार वॉशिंग्टनचा, त्याची बायको किटी दूधदुभतं पाहणारी, ती कस्टिसची, आणि आईच्या मागून मुलीही कस्टिसच्याच. आयझॅक मुक्त झाला. किटी आणि तिच्या मुली राहिल्या आणि मार्था १८०२ मध्ये गेल्यावर कस्टिस मिळकतीतले गुलाम तिच्या चार नातवंडांत वाटले गेले.

१७९३ च्या कायद्यानुसार व्हर्जिनियातल्या मुक्त कृष्णवर्णीयांना न्यायालयात नाव नोंदवावं लागे. फेअरफॅक्सच्या वहीत काही नावांपुढे उंची, वर्ण आणि अंगावरच्या खुणांबरोबर लिहिलेलं आहे, की जनरल वॉशिंग्टन यांच्या मृत्युपत्रान्वये मुक्त. आजचे त्यांचे वंशज शोध इथून सुरू करतात. वहीतल्या नावावरून १७९९ च्या यादीत आई सापडते, शेताचं नाव सापडतं. त्यामागे जायचं तर कस्टिस आणि वॉशिंग्टन घराण्यांची जुनी मृत्युपत्रं एकेक करून वाचावी लागतात, कारण त्या पूर्वजांचं नाव दुसऱ्या कोणत्याही वहीत कोणी लिहिलेलं नाही.